प्राणीपेशीला भिंत नाही, मग ती आकार कसा धरते आणि शेजारणीला कशी चिकटते?

सूक्ष्मदर्शी

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढते. वनस्पतीच्या पेशीला सेल्युलोजची भिंत असते, त्यामुळे तिच्या आकाराचं कोडं पडत नाही. प्राण्याच्या पेशीला भिंतच नाही. बाहेर असतं ते फक्त पटल, जेमतेम ५ ते १० नॅनोमीटर जाडीचं. मेदरेणूंचे दोन थर आणि त्यात रुतलेली प्रथिनं, आणि हे सगळं सतत जागा बदलणारं. असं पटल स्वतःच्या जोरावर कुठलाच आकार धरू शकत नाही, मोकळं सोडलं तर त्याचा गोळा होतो. तरीही चेतापेशीचा अक्षतंतू एक मीटरपर्यंत लांब असतो, आतड्याच्या पेशी खांबासारख्या उभ्या असतात आणि तांबडी रक्तपेशी दोन्ही बाजूंनी मधोमध दबलेली असते. हे सगळं टिकतं कशाच्या जोरावर?

मी पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी दुसऱ्या फ्लास्कमध्ये हलवायच्या असल्या की आधी जुनं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, काढून बफरने धुऊन घेतो, कारण मीडियमच्या सीरममध्ये ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकराला, अडवणारे घटक असतात. मग ट्रिप्सिन-ईडीटीए घालतो आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतो. आधी पेशींमधल्या फटी रुंदावतात. मग चपट्या, पसरलेल्या पेशींच्या कडा आत ओढल्या जातात. जिथे पकड अजून सुटलेली नसते तिथे मागे बारीक धागे ताणलेले दिसतात. शेवटी तेही सुटतात आणि पेशी गोल होते, तिच्याभोवती चकचकीत कडा दिसू लागते. फ्लास्कला बाजूने टिचकी मारली की पेशी तरंगायला लागतात.

यात दोन गोष्टी घडल्या. ट्रिप्सिनने पेशीची पकड धरणारी प्रथिनं कापली. ईडीटीएने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून घेतलं, त्यामुळे या आयनांवाचून न चालणारे जोड ढिले पडले. पेशीच्या आत आपण काहीच तोडलं नाही, फक्त बाहेरची पकड काढली, आणि आकार गेला! त्याच पेशी नव्या फ्लास्कमध्ये टाकल्या की काही तासांत पुन्हा तळ धरतात, पसरतात आणि चपट्या होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. आतले तंतू सतत ओढत असतात, बाहेरची पकड त्या ओढीला उलटा ताण देते आणि या दोन्हींच्या मेळातून आकार तयार होतो. त्यामुळे ‘पेशीचा आकार’ आणि ‘पेशींचे जोड’ हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवणं मला पटत नाही. जाणकारांनी भर घालावी.

रानफूल

फार छान विषय, ताई. मी शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकातल्या आकृतीत केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गी सगळं असतं आणि ते पाण्यात सुटं तरंगतंय असं वाटतं. आधार देणारी रचना बहुतेक आकृत्यांत काढलेलीच नसते. ते आतले तंतू कोणते, जरा सविस्तर लिहाल का?

सूक्ष्मदर्शी

@रानफूल, लिहिते. तंतूंचे तीन प्रकार आहेत, पण तिघांचा स्वभाव इतका निरनिराळा आहे की एका दमात ‘पेशीचा सांगाडा’ म्हटलं की निम्मी मजा निघून जाते.

सगळ्यांत बारीक अ‍ॅक्टिन, सुमारे ७ नॅनोमीटर जाड. १९४२ मध्ये ब्रुनो श्ट्राउब यांनी हंगेरीत, आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांच्या प्रयोगशाळेत ते स्नायूतून वेगळं केलं. त्यामुळे बराच काळ ते स्नायूपुरतंच आहे असा समज होता. आज माहीत आहे की केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते भरपूर असतं. पटलाच्या लगेच खाली त्याचा दाट थर असतो. त्या थरात मायोसिन अडकलेलं असतं आणि ते तंतूंना एकमेकांवरून सरकवत राहतं, म्हणून पेशीच्या कवचाला कायम ताण असतो. ट्रिप्सिन घातल्यावर कडा आत ओढल्या जातात त्या याच ताणामुळे. विषारी अळिंबीतलं फॅलॉयडिन अ‍ॅक्टिनला घट्ट चिकटतं. त्याला चमकणारा रंग जोडून आम्ही हे तंतू पाहतो. पसरलेल्या पेशीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ रेषा दिसतात आणि प्रत्येक रेषा बरोबर तिथेच संपते जिथे पेशीने तळ पकडलेला असतो. एकदा बघितलं की विसरत नाही.

दुसऱ्या सूक्ष्मनलिका, २५ नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ नळ्या. ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या बहुधा १३ रांगा गोलाकार उभ्या राहून एक नळी होते. या दाब सोसतात, वाहतुकीचे मार्ग होतात आणि विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढतात. गंमत अशी की त्या कधीच स्वस्थ नसतात. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की शेजारी शेजारी असलेल्या नळ्यांतली एक वाढत असते, तर दुसरी अचानक कोसळून झरझर आखूड होते. टोकाला जीटीपी (पेशीतला एक ऊर्जारेणू) धरलेलं ट्यूब्युलिन शिल्लक असेल तोवर नळी वाढते, ते संपलं की ढासळते. संधिवाताच्या गाउट या प्रकारात देतात ते कॉल्चिसिन ट्यूब्युलिनला बांधून नळ्या वाढूच देत नाही. टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाचं उलट आहे, ते नळ्या मोडू देत नाही. हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. नळी बांधता आली नाही तरी पेशी विभाजनात अडकते आणि मोडता आली नाही तरी अडकते.

तिसरे मध्यम तंतू, साधारण १० नॅनोमीटरचे. त्वचेत केराटिन, स्नायूत डेस्मिन, संयोजी ऊतीत व्हिमेंटिन, केंद्रकाच्या आतल्या बाजूला लॅमिन. पहिल्या दोघांपेक्षा हे संथ. बांधणीसाठी यांना एटीपी किंवा जीटीपी यांपैकी कुठलाच ऊर्जारेणू लागत नाही आणि यांच्यावरून वाहतूकही होत नाही. पण ताणले तर तुटण्याआधी मूळ लांबीच्या दुपटीहूनही जास्त लांबतात. अ‍ॅक्टिन इतका ताण सोसत नाही, ते तुटतं. मार खाणाऱ्या ऊतींत हे तंतू भरपूर का असतात, ते यावरून कळतं.

स्लाइडवाला

वाचतोय, उत्तम चाललंय. रक्ताच्या स्लाइड बघण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून तांबड्या पेशीबद्दल लिहितो.

माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, सूक्ष्मनलिका नाहीत, मध्यम तंतूंचा आधारही नाही. व्यास ७ ते ८ मायक्रॉन, आयुष्य साधारण १२० दिवस, आणि तेवढ्या काळात तिला स्वतःच्या व्यासाहून अरुंद केशवाहिन्यांतून असंख्य वेळा पिळून निघायचं असतं. वाकून परत मूळ आकारात यायला तिच्याकडे एकच साधन आहे, पटलाच्या आतल्या बाजूला अंथरलेली स्पेक्ट्रिनची जाळी. स्पेक्ट्रिनचे लांब लवचीक रेणू, त्यांच्या गाठींवर अ‍ॅक्टिनचे अगदी आखूड तुकडे, आणि ही जाळी पटलाला बांधून ठेवणारी अँकिरिन आणि ‘४.१’ नावाची प्रथिनं.

ही बांधणी जन्मतः कच्ची असेल तर काय होतं ते स्लाइडवर दिसतं. नेहमीच्या पेशीचा मधला भाग फिकट असतो, कारण तिथे ती पातळ असते. आनुवंशिक स्फेरोसायटोसिसच्या स्लाइडवर मधूनमधून लहान, गच्च रंगलेल्या, मध्ये फिकटपणा अजिबात नसलेल्या पेशी दिसतात. जाळीने नीट धरलेलं नसल्यामुळे पटलाचे बारीक फुगे सुटून जातात, पृष्ठभाग कमी होतो, आतला ऐवज तेवढाच राहतो आणि पेशी गोल होते. गोल पेशी वाकत नाही. प्लीहेतल्या अरुंद फटींतून तिला निघता येत नाही, ती तिथेच अडकून नष्ट होते, आणि रुग्णाला रक्तक्षय, कावीळ, पुढे पित्तखडे. प्लीहा काढली तर पेशी पुष्कळ जास्त टिकतात, पण स्लाइडवर त्या तशाच गोल दिसत राहतात, कारण दोष पेशीत आहे.

ताईंच्या मुद्द्याला हे धरूनच आहे असं मला वाटतं. ही पेशी कुणालाच चिकटलेली नाही, तरी तिचा आकार ‘जोडा’वरच टिकतो. फरक इतकाच की हा जोड पटल आणि जाळी यांच्यातला.

शिंपला

एक बाळबोध शंका. पेशीच्या आत इतके क्षार आणि प्रथिनं आहेत. भिंत नाही म्हणता, तर पाणी आत शिरून पेशी फुटत कशी नाही?

सूक्ष्मदर्शी

शंका बाळबोध अजिबात नाही, मीच आधी लिहायला हवं असा मुद्दा आहे. पेशीतली मोठी प्रथिनं आणि त्यांच्यासोबत अडकलेले आयन बाहेर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे पाण्याचा ओढा कायम आतल्या बाजूला असतो. वनस्पतीत भिंत तो दाब सोसते. प्राणीपेशी मीठच बाहेर उपसत राहते. पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप प्रत्येक फेरीत सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो, त्यासाठी एटीपीचा एक रेणू खर्च होतो. जेन्स स्कू यांनी तो १९५७ मध्ये दाखवला, त्यासाठी १९९७ चं नोबेल मिळालं. हा पंप औषधाने बंद पाडला की पेशी हळूहळू फुगते. रक्तपुरवठा तुटल्यावर पेशींना सूज येण्यामागे एटीपी संपून हाच पंप थांबणं हे मोठं कारण असतं.

त्वचेचा_डॉक्टर

जोडांबद्दल मी लिहितो, कारण माझ्या ओपीडीत हे जोड रोज तुटलेले बघायला मिळतात.

त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना डेस्मोसोमने जोडलेल्या असतात. टिचबटणासारखे ठिकठिकाणी बसवलेले हे जोड. दोन पेशींमधल्या फटीत डेस्मोग्लाइन आणि डेस्मोकोलिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतलेली असतात आणि पटलाच्या आत डेस्मोप्लाकिन त्यांना केराटिनच्या तंतूंशी बांधतं. म्हणजे एका पेशीचं केराटिन, मग जोड, मग दुसऱ्या पेशीचं केराटिन, अशी साखळी सगळ्या त्वचेभर सलग जाते. खालच्या बाजूला सगळ्यांत तळाची पेशीरांग हेमिडेस्मोसोम या जोडाने बेसमेंट मेम्ब्रेनला, म्हणजे खालच्या पातळ पडद्याला, धरलेली असते.

आता ही साखळी कुठे तुटते ते बघा.

पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये शरीराचे स्वतःचे प्रतिपिंड डेस्मोग्लाइनवर हल्ला करतात. पेशी शाबूत असतात, एकमेकींना सोडून देतात. फोड सैल असतो, लगेच फुटतो, आणि शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर बोटाने घासलं तरी वरचा पापुद्रा सरकतो. बायोप्सीत तळाची रांग बेसमेंट मेम्ब्रेनला घट्ट धरून उभी दिसते, तिच्यावर मोकळी पोकळी, आणि पोकळीत सुट्या झालेल्या गोल पेशी. ट्रिप्सिन घातल्यावर पेशी गोल होतात असं ताईंनी लिहिलंय, तेच इथे माणसाच्या त्वचेत घडलेलं असतं.

बुलस पेम्फिगॉइडमध्ये हल्ला हेमिडेस्मोसोमवर असतो. वरचा अख्खा थर एकत्रच उचलला जातो, म्हणून फोड जाड आणि टणक असतो, सहजी फुटत नाही. हा आजार बहुधा उतारवयात होतो.

तिसरा प्रकार एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स. इथे जोड ठीक असतात, केराटिन ५ किंवा १४ च्या जनुकात दोष असतो. बाळाला नुसतं कपड्याचं घर्षण झालं तरी फोड येतो, कारण तळाची पेशी स्वतःच मधोमध फाटते. हे कारण १९९१ मध्ये उलगडलं. तिन्ही आजारांत आईवडील किंवा रुग्ण एकच सांगतात, ‘फोड येतात’. चिरा मात्र तीन वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या असतात आणि उपचार ठरवायचा तर आधी ती जागा कळावी लागते.

निळाई

डॉक्टर, माझ्या मावशीला पेम्फिगस आहे. सुरुवातीला काही महिने नुसते तोंडातच व्रण होते, खाणंपिणं अवघड झालं होतं. अंगावर काहीच नसल्यामुळे निदानाला फार वेळ गेला. तोंडातच का सुरू झालं असेल? आणि घरातल्या लहान मुलांना याचा संसर्ग होण्याची भीती आहे का? नातेवाईक मुलांना तिच्याजवळ पाठवत नाहीत, तिला त्याचं आजारापेक्षा जास्त दुःख होतं.

त्वचेचा_डॉक्टर

निळाई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. संसर्ग होत नाही. एका माणसाचे प्रतिपिंड स्पर्शाने दुसऱ्याच्या त्वचेत जात नाहीत. मुलांनी मावशीच्या मांडीवर बसायला काहीच हरकत नाही, फक्त त्यांची नखं तिच्या नाजूक त्वचेला लागू नयेत आणि सर्दी-ताप झालेलं मूल लांब असावं, कारण तिच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते. नातेवाइकांना हे माझ्या नावावर खुशाल सांगा.

तोंडाचं कारण फार समर्पक आहे. त्वचेत डेस्मोग्लाइन १ आणि ३ दोन्ही असतात, तोंडाच्या अस्तरात मात्र मुख्यतः ३. बऱ्याच रुग्णांत आधी फक्त ३ विरुद्धचे प्रतिपिंड तयार होतात. त्वचेत ३ निकामी झालं तरी १ पेशींना धरून ठेवतं. तोंडात सांभाळून घ्यायला दुसरं कुणी नसतं, म्हणून व्रण तिथे आधी. पुढे १ विरुद्धही प्रतिपिंड आले की अंगावर फोड येतात. स्टॅफिलोकोकस जिवाणूचं एक विष फक्त डेस्मोग्लाइन १ कापतं. त्यामुळे लहान मुलांची त्वचा भाजल्यासारखी सोलते, पण तोंडाचं अस्तर बहुधा वाचतं. अगदी उलटं चित्र, कारण मात्र तेच.

उपचारात स्टेरॉइडसोबत आता रिटुक्सिमॅब वापरतात. ते प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशींचा मार्गच बंद करतं. मावशीच्या डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला, आणि औषध स्वतःहून बंद करू नका.

निळाई

डॉक्टर, मनापासून आभार. हा प्रतिसाद घरच्या सगळ्यांना वाचून दाखवते.

वाटसरू

मला यातलं मूलभूत काही विचारायचंय. पेशी एकमेकींना चिकटतात ते नुसत्या चिकटपणाने, की कोणी कोणाला चिकटायचं हे ठरलेलं असतं?

सूक्ष्मदर्शी

ठरलेलं असतं, आणि याचा शोध मला फार आवडतो. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या सगळ्या पेशी सुट्या केल्या. त्या सुट्या पेशी पाण्यात सरपटत एकमेकींजवळ आल्या, त्यांचे पुंजके झाले आणि पुंजक्यांतून पुन्हा स्पंज उभा राहिला. १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचर प्राण्यांच्या भ्रूणाच्या पेशी सुट्या करून मिसळल्या. त्वचा होणाऱ्या पेशी बाहेर गेल्या, चेतासंस्था होणाऱ्या आत गेल्या. कुठल्याही बाहेरच्या मदतीशिवाय त्या आपापल्या जागी लागल्या.

ओळखीचं काम करणारी मुख्य प्रथिनं म्हणजे कॅडहेरिन. मासातोशी ताकेइची यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवलं की पेशींचा एक प्रकारचा चिकटपणा कॅल्शियमवर अवलंबून असतो आणि पुढे त्यामागची ही प्रथिनं ओळखली. कॅल्शियम असलं की कॅडहेरिनचा बाहेरचा भाग ताठ राहतो आणि समोरच्या पेशीच्या कॅडहेरिनला धरतो. कॅल्शियम काढलं की तो लुळा पडतो, म्हणून आमच्या फ्लास्कमध्ये ईडीटीए. अस्तराच्या पेशींवर मुख्यतः ई-कॅडहेरिन, चेतापेशींवर एन-कॅडहेरिन. भ्रूणात पाठीवरचा पट्टा दुमडून चेतानलिका होते तेव्हा त्या पेशी ई सोडून एन घेतात आणि वरच्या त्वचेपासून वेगळ्या होतात.

पेशीच्या आत कॅडहेरिनला कॅटेनिन नावाचं प्रथिन धरतं आणि कॅटेनिन अ‍ॅक्टिनला. त्या जोडाजवळचं अ‍ॅक्टिन आकसलं की पेशीचं वरचं टोक अरुंद होतं. हजारो पेशींनी एकाच वेळी हे केलं की सपाट पट्टा दुमडून नळी होते. म्हणजे शरीराचा आकार घडतो तोसुद्धा याच ओढीतून.

रानफूल

मग आतड्यातून अन्नरस गाळला जातो तिथेही हेच जोड का? मुलं नेहमी विचारतात की पेशींच्या मधल्या फटीतून सगळं आत का झिरपत नाही.

सूक्ष्मदर्शी

तिथे आणखी एक जोड असतो, टाइट जंक्शन. मेरिलिन फारकर आणि जॉर्ज पलाडे यांनी १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की अस्तराच्या पेशींच्या वरच्या टोकाशी तीन जोड ठराविक क्रमाने असतात. सगळ्यांत वर टाइट जंक्शन, त्याखाली कॅडहेरिनचा पट्टा, त्याखाली डेस्मोसोम. फट बुजवणारं मुख्य प्रथिन म्हणजे क्लॉडिन. ते शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाला १९९८ मध्ये सापडलं. माणसात त्याचे २० हून अधिक प्रकार आहेत आणि कुठल्या ऊतीत कुठला प्रकार आहे त्यावर फटीतून काय जाऊ द्यायचं ते ठरतं. मेंदूच्या केशवाहिन्यांत क्लॉडिन ५ असतं, तिथून बहुतेक औषधंही जात नाहीत. मूत्रपिंडातलं क्लॉडिन १६ बिघडलं तर मॅग्नेशियम लघवीवाटे वाया जातं. त्यामुळे मुलांना सांगताना ‘पूर्ण बंद फट’ असं सांगू नये, ‘निवड करणारी फट’ सांगावं.

गॅप जंक्शन या आणखी एका जोडाबद्दल थोडक्यात: कनेक्सिन या प्रथिनाचे ६ रेणू मिळून अर्धी नळी होते, दोन पेशींच्या अर्ध्या नळ्या समोरासमोर जुळतात आणि साधारण १००० डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) पर्यंतचे रेणू थेट या पेशीतून त्या पेशीत जातात. हृदयाचे ठोके एकसाथ पडतात ते यामुळे. प्रसूतीच्या आधी गर्भाशयाच्या स्नायूंत हे जोड एकदम वाढतात.

स्लाइडवाला

पेशींच्या बाहेरच्या जाळ्याबद्दल, म्हणजे कोलॅजेनबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. क जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजेनच्या प्रोलिन आणि लायसिनवर हायड्रॉक्सिल गट बसत नाहीत, त्याचा तिपेडी पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही, आणि स्कर्व्ही होते. ऊतींतलं जुनं कोलॅजेन झिजून नवं बसत असतं, म्हणून भरलेली जखमसुद्धा कायमची भरलेली नसते. १७४० च्या दशकातल्या जॉर्ज अ‍ॅन्सन यांच्या सागरी मोहिमेत स्कर्व्ही झालेल्या एका खलाशाची ५० वर्षांपूर्वीची जखम पुन्हा उघडल्याची नोंद आहे.

वाटसरू

५० वर्षांपूर्वीची! हे माहीत नव्हतं.

एक असहमती नोंदवतो. शेवटी आकार जनुकंच ठरवतात ना? चेतापेशी चेतापेशीसारखी दिसते कारण तिची तशी जनुकं चालू असतात. ओढ, पकड वगैरे नंतरचं.

सूक्ष्मदर्शी

कुठली प्रथिनं बनायची हे जनुकं ठरवतात, मान्य. पण उलट्या दिशेनेही आज्ञा जाते. १९९७ मध्ये क्रिस्टोफर चेन, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी केशवाहिनीच्या पेशींना चिकटायला लहानमोठे ठिपके करून दिले. मोठ्या ठिपक्यावर पसरलेल्या पेशी जगल्या आणि वाढल्या. अगदी लहान ठिपक्यावर आखडून बसलेल्या पेशी मेल्या. खाद्य तेच होतं. पकडीचं एकूण क्षेत्र सारखं ठेवूनसुद्धा पसरण्याचा परिणाम दिसला, म्हणजे आकारानेच फरक पडला. २००६ मध्ये अ‍ॅडम एंगलर आणि डेनिस डिशर यांच्या गटाने एकाच प्रकारच्या मूलपेशी मऊ, मध्यम आणि कडक जेलवर वाढवल्या. मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, मध्यमवर स्नायूच्या, कडकवर हाडाच्या. मायोसिनची ओढ औषधाने बंद केली की हा फरक नाहीसा झाला. पेशी ओढून बघते, समोरून किती विरोध येतो ते जोखते आणि त्यावरून कुठली जनुकं चालू करायची तेसुद्धा ठरवते. म्हणून ‘नंतरचं’ हा शब्द मला मान्य नाही.

त्वचेचा_डॉक्टर

+१. कर्करोगात हेच उलटं दिसतं. अस्तराची निरोगी पेशी तळापासून सुटली की बहुधा आत्मनाश करते, सुटी पेशी भलत्याच जागी रुजू नये याची ही सोय. कर्करोगाच्या अनेक पेशींनी ही सोय मोडलेली असते. स्तनाच्या लोब्युलर प्रकारच्या कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा नसतंच, आणि बायोप्सीत पेशी एकामागे एक सुट्या रांगेत घुसलेल्या दिसतात. म्हणूनच हा प्रकार कित्येकदा हाताला गाठ म्हणून लागत नाही, मॅमोग्रामवरही निसटतो. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत जठराचा आनुवंशिक कर्करोग ई-कॅडहेरिनच्या जनुकातल्या दोषामुळे होतो हे सिद्ध झालं. पण सरसकट नियम करू नका, बरेच कर्करोग पुंजक्याने, जोड शाबूत ठेवूनही पसरतात.

शिंपला

स्नायूंचं काय? ते तर सारखे आकसतात. प्रत्येक आकसण्याला पटल फाटत कसं नाही? भाच्याला ड्यूशेनचा स्नायुक्षय असल्याचं नुकतंच कळलं, म्हणून विचारतोय.

सूक्ष्मदर्शी

शिंपला, वाचून वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नातच त्या आजाराचं कारण आहे. स्नायुपेशीत डिस्ट्रोफिन नावाचं लांबलचक प्रथिन असतं. एका टोकाने ते आतलं अ‍ॅक्टिन धरतं, दुसऱ्या टोकाने पटलातल्या डिस्ट्रोग्लायकनच्या गटाला, आणि तो गट बाहेरच्या जाळ्यातल्या लॅमिनिन या प्रथिनाला. आकसण्याचा जोर त्यामुळे पटलावर न पडता बाहेरच्या जाळ्यात वाटला जातो. ड्यूशेनमध्ये हे प्रथिन जवळजवळ नसतं, म्हणून रोजच्या चालण्याफिरण्यातच पटलाला बारीक चिरा पडतात. कॅल्शियम आत शिरतं, पेशी मरते, आणि कालांतराने तिच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती येते. हे प्रथिन १९८७ मध्ये ओळखलं गेलं. त्याचं जनुक २० लाखांहून अधिक बेसजोड्यांचं आहे, माणसाच्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी एक, आणि ते एक्स गुणसूत्रावर असतं.

त्वचेचा_डॉक्टर

माझं क्षेत्र नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. त्या चिरांतून क्रिएटिन कायनेज हे स्नायूतलं विकर रक्तात येतं, म्हणून या मुलांत ते जन्मापासूनच खूप वाढलेलं असतं. मूल उशिरा चालू लागलं, जिने चढताना अडतं किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतं, तर ही साधी रक्ततपासणी आधी करून घ्यावी. शिंपला, भाच्याची जनुक तपासणी झाली नसेल तर करून घ्या, कारण काही नवी औषधं जनुकातला दोष नेमका कुठे आहे त्यावरच ठरतात. आणि तुमच्या बहिणीचीही तपासणी करायला सांगा. तिच्यात हा दोष असला तर पुढच्या बाळंतपणाआधी ते कळायला हवं, आणि अशा स्त्रियांच्या हृदयाची तपासणीही अधूनमधून करावी लागते.

शिंपला

बहिणीची तपासणी कुणीच सुचवली नव्हती. उद्याच तिच्याशी बोलतो. डॉक्टर, ताई, दोघांचेही आभार.